'प्लीज' कुठे घालू नये

इंग्रजी पाटीत 'प्लीज' घातलं की ती सभ्य झाली, असा आपल्याकडे समज आहे. पण 'प्लीज' ही विनंती, आणि विनंती मोडता येते. जिथे हात लावला तर जीव जाईल तिथे नुसतं 'डेंजर' लिहावं, खाली व्होल्टचा आकडा. ब्रिटनमधल्या रस्त्यांवरचं 'स्टॉप' किंवा 'गिव्ह वे' प्लीज म्हणत नाही, आणि ते कुणाला उद्धटही वाटत नाही.

अधिकार नसला की मात्र सभ्यता उतू जाते. इंग्लंडमध्ये खासगी फाटकांवर 'पोलाइट नोटिस, नो पार्किंग' अशी पाटी दिसते. रोमन लिपीत 'पोलाइट' आणि 'पोलीस' दोन्ही सहा अक्षरांचे, फरक फक्त पाचव्या अक्षराचा. गाडीवाल्याने घाईत 'पोलीस' वाचावं, यातच सगळी गंमत.

'ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड' यात विनंती नाही, आज्ञाही नाही, नुसतं भविष्य आहे. इंग्लंडच्या कायद्यात दुसऱ्याच्या जमिनीत नुसतं शिरणं हा एरवी दिवाणी मामला. रेल्वेसारखे अपवाद सोडले तर खटल्याची ही धमकी पोकळच. आपल्या गेटवरचं 'टायरमधील हवा सोडली जाईल' याच घाटाचं. कोण सोडणार ते गुलदस्त्यात. फक्त आपली धमकी बऱ्याचदा खरी निघते!

'कृपया'चं आपण सर्रास 'काइंडली' करतो. ब्रिटिश कानाला त्यात पुष्कळदा ओठ आवळून धरलेला वैताग ऐकू येतो. मराठीत 'चपला बाहेर काढाव्यात' म्हटलं की विनंती क्रियापदातच आली, 'कृपया' वरकड. इंग्रजीत तशी सोय नाही, म्हणून तिथे कारण द्यावं. 'नो पार्किंग'खाली 'गॅरेज इन कॉन्स्टंट यूज' एवढं पुरतं. वाचणाऱ्याला दटावल्यासारखं वाटत नाही आणि वाद घालायला जागाही उरत नाही.

शेवटचा घोळ कॅपिटल अक्षरांचा. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे अख्खा मजकूर कॅपिटलमध्ये टाइप करताना आपल्याला काही खटकत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याला ती आरडाओरड वाटते. शिवाय सगळी अक्षरं एकाच उंचीची झाली की शब्दाचा आकार हरवतो. जॉक किन्नियर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी आखलेल्या ब्रिटिश रस्तापाट्या 1965पासून लागू झाल्या, त्यांत गावांची नावं पहिलं अक्षर मोठं आणि बाकीची लहान अशीच आहेत. 'स्टॉप' मात्र कॅपिटलमध्ये. लिफ्टमधल्या नोटिशीलाही तेच करा: मथळा हवा तर कॅपिटल, मजकूर साधा. उद्गारचिन्हं तीन असतील तर तिन्ही काढा.