परत आलेलं पाकीट

सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात त्या दिवशी आमचं प्रकरण सातवं होतं. तात्या साडेदहापासून बाकावर, पायाशी पोत्यात गुंडाळलेला फवारणीचा बॅटरी पंप. ‘आणू नका’ म्हणून सांगितलं होतं. पण ‘टाकीच्या बुडातनं कसं गळतंय ते साहेबांना दाखवतो’ हा हट्ट.

ऑनलाइन घेतलेला पंप, ३,२४० रुपयांचा. आला तेव्हा पाऊस लागलेला, म्हणून खोकं माळ्यावर. उघडलं पंधरा दिवसांनी, तोवर परतीचे सात दिवस संपले होते. वर्षाची वॉरंटी होती, पण ती द्यायची विक्रेत्याने. बिलावर त्याचं नाव, कुठल्याशा गाळ्याचा नंबर आणि परराज्यातलं शहर, बस्स. तात्यांची बाजू घेऊन वकील म्हणून मी त्याला पाठवलेली नोटीस परत आली. पाकिटावर पोस्टमनने लाल पेनने लिहिलं होतं, ‘पत्ता अपूर्ण’.

रक्कम पाच लाखांच्या आत असली की आयोगात फी नाही, आणि २०१९च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते. नाहीतर सव्वातीन हजारांसाठी तात्या कुठे फिरले असते!

ज्या साइटवरून पंप घेतला, त्या कंपनीचे वकील उभे राहिले. “आम्ही फक्त मध्यस्थ. माल आमचा नाही.”

अध्यक्षांनी ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं. “बाजार तुम्ही भरवलात ना? मग गाळेवाला कोण, कुठला, ते तरी सांगा.”

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांत हेच आहे: ग्राहकाने लेखी मागितलं की विक्रेत्याचा पत्ता कंपनीने द्यायचा. मी आधी फोनवर चारदा मागितला होता (वकील असून!), त्याचा पुरावा शून्य. पाचव्यांदा ईमेल केला, म्हणून अब्रू राहिली. त्यावरचं उत्तर मी वाचून दाखवलं: ‘प्रिय ग्राहक, आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.’ मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं.

पुढच्या तारखेला पूर्ण पत्ता हजर करा, असा आदेश झाला. पंप पोत्यातच राहिला.

व्हरांड्यात वकीलसाहेब फोनवर बोलून आमच्याकडे आले. पूर्ण रक्कम, वर दोन हजार खर्चाचे, आजच मिटवू. मी तात्यांकडे पाहिलं.

“पंप न्यायला कोण येणार?” तात्या म्हणाले. “मी पार्सल करणार नाय. आणि पैसे आल्याबिगर सोडणार बी नाय.”

वकीलसाहेबांनी पुन्हा फोन लावला.