तुम्ही विचारलंत म्हणून: ड्युटीवर जखमी झालेल्या सहकाऱ्यासाठी काय करायचं?

"आमचा माणूस ड्युटीवर जबर जखमी झालाय, आम्ही काय करू?" पोलीस खात्यातून हा प्रश्न आम्हाला सारखा येतो, आणि बहुतेकदा गोव्यात बांबोळीला जीएमसीच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, कॅज्युअल्टीबाहेरून फोनवरच येतो. अख्खं पोलीस स्थानक तिथं लोटलेलं असतं. आमचं पहिलं उत्तर कुणाला फारसं रुचत नाही: दोघं थांबा, बाकीचे घरी जा. तुमची खरी गरज दीड-दोन महिन्यांनी पडणार आहे.

पहिल्या आठवड्यात साहेब येऊन जातात, फोटो निघतात, खाटेखाली शहाळ्यांचा ढीग लागतो. मग डिस्चार्ज मिळून माणूस पेडण्यात नाहीतर सत्तरीत आपल्या घरी जातो. इकडे चवथीचा बंदोबस्त, कार्निव्हल, जुन्या गोव्याचं फेस्त, कुणाचा तरी दौरा हे चालूच असतं आणि फोन थांबतात. यात कुणाचा दुष्टावा नाही, ड्युटीचा तक्ताच तसा आहे. म्हणून भेटींचाही तक्ता करा. पहिले दोन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे सहा महिने आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी. "काही लागलं तर सांग" म्हणून सुटू नका, तो सांगणार नाही. "मंगळवारी नऊला गाडी घेऊन येतो, ड्रेसिंगला जाऊ" असं म्हटलं की त्याला नाही म्हणता येत नाही.

पहिल्या दिवशी थांबणाऱ्या दोघांची कामं वेगळी ठेवा. एक कागदांचा माणूस, दुसरा बोलायचा. एकानेच दोन्ही केलं की बिल अडकल्याचा राग बोलण्यात उतरतो आणि मग जखमी माणूस दोन्ही दारं बंद करतो.

आधी कागद, कारण तिथली चूक मागाहून निस्तरत नाही. स्टेशन डायरीत नोंद करताना नुसतं "अपघात झाला" लिहू नका. कुणाच्या हुकमावरून, कुठल्या नाक्यावर, किती वाजता, कसली ड्युटी चालू होती, कोण सोबत होतं, हे त्याच दिवशी लिहा. साध्या कपड्यांत घरी जाताना मारामारी सोडवायला पडला असेल तर तेही लिहा. पुढे खास रजा, असाधारण पेन्शन (ड्युटीवरच्या दुखापतीसाठी मिळणारं), वैद्यकीय बिलं, सगळीकडे एकच गोष्ट तपासली जाते: दुखापतीचा ड्युटीशी संबंध काय?

दुसरी चूक होते इस्पितळातल्या केसपेपरवर. आणणारा घाईत सांगतो, "पडला". डॉक्टर तसंच लिहितो. प्रत्यक्षात नाकाबंदीत मोटारसायकलने उडवलेलं असतं, पण वर्षभराने विमा कंपनीचा वकील तोच एक शब्द भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणासमोर ठेवतो. म्हणून दाखल करतानाच कुणी, कशानं, कुठं मारलं ते नीट सांगा, लिहिलेलं वाचून घ्या आणि एमएलसी (पोलीस केस म्हणून इस्पितळात होणारी नोंद) नंबर टिपून ठेवा. फाटलेली वर्दी, फुटलेलं हेल्मेट धुवायला किंवा टाकायला देऊ नका, तो पुरावा आहे. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची मूळ बिलं एका फायलीत ठेवा आणि झेरॉक्सचा दुसरा संच घरच्यांकडे द्या.

वाहनाने ठोकरलं असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा करायचाच. "सरकार खर्च करतंय, मग दावा कशाला?" असं म्हणून कितीतरी जण तो सोडून देतात. खात्याकडून मिळतं ते वेगळं आणि धडक देणाऱ्या गाडीच्या विम्याकडून मिळतं ते वेगळं. कायद्यातली मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे आणि पाय प्लास्टरमध्ये असताना सहा महिने कधी सरतात ते कळत नाही. कुणी मुद्दाम हल्ला केला असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 121 लागतं. ड्युटीपासून रोखायला सरकारी नोकराला जबर दुखापत केली तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

नोकरी जाईल ही भीती तो बोलून दाखवत नाही, पण रात्री त्याच्या डोक्यात तीच असते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20(4)प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी नोकराला काढता येत नाही की हुद्दा उतरवता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं. सरकार एखाद्या आस्थापनेला यातून सूट देऊ शकतं, म्हणून प्रकरण वैद्यकीय मंडळापुढे जायच्या आधी वकिलाला दाखवा.

आता बोलणाऱ्या माणसाविषयी. तो शक्यतो त्याच हुद्द्याचा असावा, त्याच्या वार्षिक अहवालावर सही करणारा नको. पूर्वी स्वतः जखमी होऊन कामावर परतलेला कुणी मिळाला तर फारच बरं. पोलिसांनी पोलिसांना आधार द्यायची ही पद्धत अमेरिकेत बॉस्टनच्या खात्यात 1970च्या दशकात रुजली आणि तिचा गाभा आजही हाच आहे: बरोबरीचा माणूस.

त्याने पहिल्या भेटीत "नेमकं कसं झालं?" विचारू नये. दोन कारणं आहेत. घडलेलं सगळं लगेच एका बैठकीत वदवून घेतलं की मन हलकं होतं हा समज चुकीचा ठरला आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनाही तशी बैठक घेऊ नका असंच सांगते. दुसरं कारण आपल्या धंद्यातलं. जखमी माणूस त्या खटल्यातला साक्षीदार आहे, कधीकधी खातेनिहाय चौकशीही चालू असते. वकिलाशी बोललेलं गुप्त राहतं तसं सहकाऱ्याशी बोललेलं कायद्याने राहत नाही, उद्या तुम्हालाच कोर्टात बोलावतील. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाका: घटनेचा तपशील मला नको, झोप, दुखणं, घर, पैसा यावर बोल. तुझ्या जिवाला धोका वाटला तरच मी दुसऱ्याला सांगेन, एरवी नाही. आणि ते पाळा. कॅन्टीनमध्ये एक वाक्य फुटलं की तुमचं काम संपलं.

घरी गेलात की पायऱ्या बघा. चिऱ्याच्या जुन्या घरांना पुढे तीन-चार उंच पायऱ्या असतात आणि जून ते सप्टेंबर त्यांच्यावर शेवाळ असतं. ते खरवडून घ्या, एका बाजूला पाइपचा कठडा लावा. कुबडीचं वरचं टोक काखेत रुतता कामा नये, मध्ये दोन-तीन बोटं जायला हवीत. भार काखेवर नाही, तळव्यांवर. नाहीतर हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. पायरी चढताना धड पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. खालची रबरी टोपणं गुळगुळीत झाली की लगेच बदला, ती किरकोळ किमतीची असतात. पाय टेकायचा की नाही, टेकला तर किती भार द्यायचा, हे मात्र डॉक्टरच ठरवणार, बाजूच्या खाटेवरचा अनुभवी रुग्ण नाही. आणि वैनीशी पाच मिनिटं वेगळं बोला. तो जेवतो का, रात्री ओरडून उठतो का, पिणं वाढलंय का, हे तीच सांगेल.

पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, दचकणं, चिडचिड चालायचीच. महिना उलटूनही घटना डोळ्यांसमोरून जात नसेल, तो रस्ता टाळत असेल, घरात कुणाशी बोलत नसेल, तर बांबोळीलाच आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार इस्पितळ आहे, तिथं सोबत जा. वेड्यांचं इस्पितळ म्हणून तो मागे सरेल. त्याला आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416वर फोन करायला लावा, तो मोफत आहे. जीव द्यायचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, औषधांचा साठा आणि शस्त्र हाताशी ठेवू नका.

रुजू व्हायच्या आठवडाभर आधी त्याला एकदा साध्या कपड्यांत स्थानकात चहाला न्या, म्हणजे पहिल्या दिवशी सगळे एकदम अंगावर येत नाहीत. सूज असेल तर ड्युटीचा बूट चढत नाही, दुसऱ्या पादत्राणाची परवानगी आधीच लेखी घ्या. टेबलाचं काम द्या, पण खरं काम द्या. नुसता बसवून ठेवलेला माणूस महिन्याभरात पुन्हा रजेवर जातो. रात्रपाळी आणि तोच नाका सुरुवातीला नको. तिथं परत उभं राहायचं ते त्यानं म्हटल्यावर, आणि पहिल्या वेळी सोबत जोडीदार देऊन.