आमची वाटचाल: बंद घरं आणि भाड्याची घरं

सुरुवातीला काम सरळ होतं. परदेशी किंवा परगावी राहणाऱ्या मालकांच्या पुण्यातल्या फ्लॅटना भाडेकरू बघून द्यायचा, करार करायचा, दलाली घ्यायची. पण खरे फोन भाडेकरू राहायला आल्यावर सुरू होतात. दलाली मागे पडली आणि देखभाल हाच आमचा धंदा झाला.

कागद आधी. लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार) नोंदवण्याची जबाबदारी भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे मालकाची असते. अंगठा हल्ली घरी येऊन घेतात. वयस्कर मालकांचे ठसे मात्र पुष्कळदा उमटत नाहीत, तेव्हा वेळ हाताशी ठेवावा. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार) सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावता येतात. काही ठिकाणी ते पालिकेच्या करासकट सगळ्या बिलावर धरतात, म्हणून बिल फोडून बघायचं. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूनं भाड्यातून टीडीएस (आयकराची आगाऊ कपात) कापायचा, साधारण ३१.२ टक्के. निवासी मालकांसाठी असलेली महिना ५०,००० रुपये भाड्याची मर्यादा इथे लागू नाही, हे बहुतेकांना नोटीस आल्यावर कळतं.

तरी कागद परवडले, पाणी नको! बंद फ्लॅटमध्ये नहाणी ट्रॅपमधलं (बाथरूमच्या जाळीखालच्या, वास अडवणाऱ्या वाकड्या भागातलं) पाणी उन्हाळ्यात सुकतं, मग ड्रेनेजचा वास आणि झुरळं. प्रत्येक फेरीत ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतायचं, कमोड फ्लश करायचा, अँगल कॉक (नळाआधीचे भिंतीतले छोटे कॉक) बंद-चालू करून बघायचे (न फिरवलेला कॉक नेमका गळतीच्या दिवशी जाम होतो), आणि निघताना मेन व्हॉल्व्ह बंद. पावसाळ्यात कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढायची, नाहीतर मागे बुरशी धरते.

खालच्या मजल्यावर ओल आली की प्लंबर आधी टाइल्स फोडायला बघतो. फोडू देऊ नये. दोन-तीन दिवस मेन व्हॉल्व्ह बंद ठेवावा. ओल सुकू लागली तर बहुधा पाइप गळतोय. पण तेव्हा बाथरूमही वापरात नसतं, म्हणून दुसरी चाचणी हवीच: नहाणीचं तोंड बंद करून २४ तास पाणी तुंबवायचं. ओल वाढली तर टाइल्सचे सांधे किंवा वॉटरप्रूफिंग गेलंय. सांध्यांना इपॉक्सी भरून आधी बघावं. बाहेरच्या भिंतीतून किंवा सामायिक पाइपातून आलेल्या गळतीचा खर्च आदर्श उपविधींनुसार (सहकारी सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार) सोसायटीचा असतो. तसं लेखी पत्र पावसाळ्याआधी द्यावं, भर पावसात रंगारी दोरावर चढत नाही.