आमची वाटचाल: पिल्लू विकण्याआधी आई-बाप तपासायचे

नागपूरजवळ उमरेड रोडवरची आमची हॅचरी सुरू झाली ती बाहेरून आणलेली अंडी उबवून देण्यापासून. गिरिराज, वनराज, थोडं कडकनाथ या जातींची. या धंद्यात एक अडचण पहिल्या हंगामापासूनच दिसते: गिऱ्हाईक फोन करतं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लं मरायला लागली, आणि औषध विचारतं. औषध सांगता येतं, पण मर पुढच्या लॉटलाही तशीच येते, कारण तिचं मूळ बहुतेक वेळा पिल्लाच्या खुराड्यात नसतं. ते अंड्यात असतं, आणि अंड्याच्या आधी कोंबडीत. म्हणून आम्ही बाहेरची अंडी घेणं बंद केलं आणि आई-बाप पक्षी स्वतः पाळायला घेतले.

निवड दोनदा होते. आठव्या आठवड्याला एकदा: वाकडी चोच, वळलेली बोटं, छातीचं वाकडं हाड, कळपाच्या सरासरीपेक्षा फार हलका पक्षी, हे सगळे खाण्याच्या बाजारात. दुसरी निवड तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, अंड्यावर आल्या की. त्यासाठी पक्षी हातात घ्यावाच लागतो. लांबून सगळ्याच कोंबड्या चांगल्या दिसतात. तुरा लाल आणि गरम, डोळा स्वच्छ, फेस नाही. गुदद्वार मोठं, ओलसर, फिकट; कोरडं, आक्रसलेलं आणि पिवळं असेल तर ती अंड्यावर नाही. गुदद्वाराच्या दोन बाजूंची हाडं चाचपायची, त्यांच्यात दोन-तीन बोटं बसली पाहिजेत. गुदद्वाराभोवतीची पिसं उलटी करून उवा बघायच्या. पायाचे खवले वर उचललेले, पांढुरके दिसले तर किडीची खरूज आहे. आणि अंधार पडल्यावर, कळप गप्प झाला की, शेडमध्ये पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं. घरघर ऐकू आली तर मायकोप्लाझ्माचा, म्हणजे श्वासाच्या जुनाट रोगाचा, संशय धरायचा. हा रोगही अंड्यातून पिल्लात जातो.

नराकडे लोक कमी लक्ष देतात, आणि तिथेच फळधारणा जाते. दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा, जड जातीत आठांमागे एक. तळपायाला गाठ किंवा फोड असलेला कोंबडा दिसायला कितीही देखणा असो, तो चढत नाही. सख्खी भावंडं जोडीला लावायची नाहीत. आम्ही तीन कप्पे ठेवतो आणि दर पिढीला नर पुढच्या कप्प्यात सरकवतो. नर बदलला की तीन आठवड्यांची अंडी उबवायला घेत नाही, कारण जुन्या नराचं बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवड्यांपर्यंत टिकतं.

सगळ्यात महत्त्वाची पायरी म्हणजे पुलोरमची रक्तचाचणी. पांढऱ्या हगवणीचा हा जंतू कोंबडीच्या अंडाशयात दडून बसतो. कोंबडी धडधाकट दिसते आणि पिल्लं मरतात. पांढऱ्या टाइलवर रंगीत अँटिजेनचा (चाचणीच्या द्रावणाचा) एक थेंब, त्यात पंखाच्या शिरेतलं थेंबभर रक्त, सळईने कालवायचं आणि दोन मिनिटांत बघायचं. गुठळ्या धरल्या तर पक्षी कळपातून बाहेर. अँटिजेनची बाटली आधी हलवून घ्यावी लागते. नागपूरच्या उन्हाळ्यात हे काम सकाळीच. दुपारी थेंबाची कड वाळते आणि ती वाळलेली कड गुठळीसारखी दिसते. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी, लागोपाठ दोनदा कळप स्वच्छ येईपर्यंत. अँटिबायोटिक देऊन कळप ‘साफ’ करून देऊ म्हणणारे भेटतात. त्याने मर कमी होते, पण वाहक कोंबडी वाहकच राहते.

खाद्याचंही तसंच. विदर्भात सरकी पेंड स्वस्त म्हणून बरेच जण अंड्याच्या खाद्यात मिसळतात. ब्रीडरला, म्हणजे आई-बाप पक्ष्यांना, ती आम्ही घालतच नाही: बलक हिरवट पडतो आणि अंड्यातली मर वाढते. बी-२ जीवनसत्त्व कमी पडलं तर पिल्लं मुठीसारखी वळलेली बोटं घेऊन निघतात, किंवा निघतच नाहीत. पावसाळ्यात बुरशी लागलेला मका ब्रीडरला तर नाहीच, कुणालाच नाही.

अंडं ५० ते ६० ग्रॅमचं, रुंद टोक वर, १५ ते १८ अंशात आणि जास्तीत जास्त सात दिवस. मे महिन्यात नुसत्या खोलीत ठेवलेलं अंडं मशीनमध्ये जाण्याआधीच अर्धवट वाढायला लागतं आणि मरतं. कूलरची खोलीही पुरत नाही, एसीच लागतो. मळकं अंडं ओल्या फडक्याने पुसायचं नाही. ओलाव्यासोबत घाण छिद्रांतून आत ओढली जाते. अंड्यांना जंतुनाशक धुरी देताना १०० घनफूट जागेला २० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट आणि ४० मिली फॉर्मॅलिन, २० मिनिटं. भांडं मातीचं, आधी परमँगनेट आणि त्यावर फॉर्मॅलिन, उलटं कधीच नाही. नाकाला मास्क लावून लगेच बाहेर पडायचं.

मशीनचं तापमान ३७.५ अंश, हे सगळ्यांना पाठ असतं. आर्द्रतेचा आकडा मात्र मीटरवर विसंबून चालत नाही. एक ट्रे पहिल्या दिवशी वजन करा, अठराव्या दिवशी पुन्हा करा; घट ११ ते १३ टक्के हवी. एप्रिलमध्ये इथली हवा इतकी कोरडी की घट त्यापुढे जाते आणि पिल्लू कवचाला चिकटतं. ऑगस्टमध्ये उलटं: घट कमी, पिल्लू फुगलेलं, ओलं, बेंबी उघडी. तिसऱ्या दिवसाची मर बहुतेक या उघड्या बेंबीतून येते. कोलाय (विष्ठेतले जंतू) आत जातात, बलक पोटातच सडतो, पोट निळसर आणि घट्ट होतं. असं पिल्लू औषधाने क्वचितच वाचतं. म्हणून पेटीत भरण्याआधी प्रत्येक पिल्लू उलटं करून बेंबीवर अंगठा फिरवला जातो. काळा खडा किंवा दोरा लागला की ते बाजूला. पाठीवर ठेवल्यावर दोन-तीन सेकंदांत उठलं नाही तर तेही.

पिल्लं घरी नेल्यावर ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी जागा, आधीपासून तापलेला हवा, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ९५ अंश फॅरनहाइट, मग दर आठवड्याला पाच अंश कमी. डिसेंबरच्या रात्री एका पिल्लाला दोन वॅटचा हिशोब धरा. पिल्लं बल्बखाली ढीग करून बसली तर थंडी, कडेला पंख पसरून धापा टाकत असतील तर गरमी. थंडी लागलेल्या पिल्लांचं बूड विष्ठेने चिकटतं. कोमट पाण्याने सोडवायचं, ओढायचं नाही. खाली अंथरायला तुस भंडारा-गोंदियाच्या राइस मिलचं चांगलं मिळतं, पण ते कोरडं हवं. तिसऱ्या आठवड्यानंतर ओल्या तुसातून रक्ती हगवण येते. तेव्हा अँप्रोलियम हे औषध पाण्यातून, मात्रा पशुवैद्यकांकडून घेऊन. आणि त्या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स बंद, कारण हे औषध बी-१ अडवूनच काम करतं. शक्ती यावी म्हणून लोक दोन्ही एकत्र देतात आणि मग औषध लागू पडलं नाही म्हणतात.

लसींत मरेक्सची (पाय लुळे पाडणाऱ्या विषाणूची) आम्ही इथेच देतो. मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात, गंबोरो या विषाणूरोगाची चौदाव्याच्या आसपास, मानमोडीची दुसरी अठ्ठाविसाव्या दिवशी, देवी सहा ते आठ आठवड्यांत. लस पाण्यातून द्यायची तर नळाचं क्लोरीनचं पाणी नको. विहिरीच्या पाण्यातही लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घाला.

तरीही मर लागलीच तर दुकानातून औषध आणण्याआधी शवविच्छेदन करून घ्या. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नुकतीच मेलेली दोन-तीन पिल्लं प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत घालून बर्फाच्या डब्यातून न्या. फ्रीजरमध्ये गोठवू नका, गोठलेल्या आतड्यात डॉक्टरांना काही वाचता येत नाही. सोबत लॉटची तारीख न्या, ती आमच्या प्रत्येक पेटीवर लिहिलेली असते, आणि तोवर काय काय औषध दिलं तेही कागदावर लिहून न्या.