शॉवर घेण्याआधी बादली मांडा

दुकानात शॉवर बघायला गेलं की आधी चकाकी दाखवतात. मी एकच विचारते: मिनिटाला किती लिटर? आमच्या वाघोलीत उन्हाळा लागला की सोसायटीत टँकर सुरू होतात, त्यामुळे मला बाकी सगळं नंतरचं वाटतं.

जुना शॉवर मोजणं सोपं आहे. खाली 15 लिटरची बादली ठेवायची आणि मोबाईलवर वेळ लावायची. आमची सव्वा मिनिटात भरली, म्हणजे मिनिटाला 12 लिटर. पाच मिनिटांच्या अंघोळीला चार बादल्या! नवा 7 लिटरचा घेतला, त्यात 35 लिटरमध्ये भागतं.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावरच, म्हणून दाब बेताचा. कमी दाबावर चालतो का, हे खोदून विचारा. गॅस गिझर असेल तर आणखी जपा. धार फारच कमी झाली की तो पेटत नाही. बोअरचं पाणी असेल तर रबरी भोकांचाच घ्या. अंगठ्याने चोळलं की क्षारांचा पांढरा थर सुटतो.

सासूबाईंची अंघोळ बादली-तांब्यावर, एका बादलीत होते. त्यांच्या बाथरूममध्ये मी शॉवर बसवलाच नाही.