व्हॉलीबॉल येतो असं वाटत होतं… माझा अनुभव

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, आणि आमच्याकडं व्हॉलीबॉल म्हणजे शूटिंग. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, दोन्ही हात जोडायचे आणि आलेला बॉल ताकदीनं सरळ पलीकडं हाणायचा, आपल्याच गड्याला पास नाही, स्मॅशसाठी बॉल वर उचलून देणारी लिफ्ट नाही, उडी मारून वरनं हाणायचा स्मॅश नाही. यात्रेला रात्री लाईट लावून सामने व्हायचे. मी कॉलेजपर्यंत खेळलो आणि बरा खेळायचो. म्हणून दोन वर्षांपूर्वी बँकेतली बदली नाशिकला झाली आणि घराजवळच्या ग्राउंडवर पोरं सकाळी सहाला नेट बांधताना दिसली तेव्हा मी सरळ चप्पल काढून आत गेलो, म्हटलं मला येतो. वय ३६, पोट थोडं सुटलेलं.

पहिलाच बॉल माझ्याकडं आला आणि मी सवयीनं हाणला तो कंपाउंडच्या बाहेर रस्त्यावर. दुसरा पण. तिसऱ्याला एक पोरगं म्हणालं, "काका, वर द्यायचा असतो, लांब नाही." 'काका' ऐकूनच अर्धा जीव गेला.

तिथं एक रिटायर्ड पीटीचे सर येतात, सत्तरीचे असतील. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि पुढचे तीन आठवडे नेटजवळ फिरकू दिलं नाही, भिंतीजवळ उभं केलं. फक्त पास. एका हाताची बोटं दुसऱ्या हातात ठेवायची, दोन्ही अंगठे शेजारी शेजारी सरळ, मनगटं खाली दाबायची म्हणजे कोपरं आपोआप ताठ होतात, आणि बॉल मनगटाच्या थोडा वर, हाताच्या सपाट भागावर घ्यायचा. हे सगळं मला पाच मिनिटांत कळलं, पण हात हलवायचा नाही हे कळायला महिना गेला. शूटिंगमध्ये सगळा खेळच हात फिरवण्याचा, आणि इथं सर माझे दंड धरून म्हणायचे, "हात फळी आहे रे, फळी स्वतः हलते का? तू गुडघ्यातनं ऊठ." बॉल कुठं जाणार ते फळी कुठल्या कोनात धरली त्यावर. जोर बॉलमध्ये असतोच, आपण फक्त दिशा द्यायची.

पहिल्या आठवड्यात हातावर लाल-निळे ठिपके आले, बायको म्हणाली हे काय मारामारी करून येता का. नंतर कळलं की त्यात बॉलचा पण दोष होता. पोरांनी सायकलवाल्याकडनं हवा भरून आणलेली, बॉल दगडासारखा टणक. व्हॉलीबॉलला हवा फार थोडी लागते, साडेचार पीएसआयच्या आसपास, आणि सायकलचा पंप दोन दाब जास्त मारले की झालं. सरांनी बॉल अंगठ्यानं दाबून बघितला, सुई घातली आणि फुस्स करून थोडी हवा सोडली, दुसऱ्या दिवसापासून हात निम्मेच दुखले. बॉल तसा हलका, २६० ते २८० ग्रॅमचा, त्यानं इतकं लागायला नको. कुणी नवीन खेळणार असेल तर आधी बॉल दाबून बघा हो.

मग वरचा पास, म्हणजे बोटांनी. हे बूस्टरचं काम, म्हणजे स्मॅश मारणाऱ्याला बॉल उचलून देणाऱ्याचं, हल्ली पोरं त्याला सेटर म्हणतात. कपाळासमोर दोन्ही तळवे, बोटं पसरलेली, त्यातनं बॉल बघायचा आणि ढकलायचा, पकडायचा नाही. मी पकडत होतो, शिट्टी, होल्डिंग. नाही पकडला तर एका हाताला आधी लागायचा, शिट्टी, डबल. एकदा घाईत अंगठा बॉलच्या समोर आला आणि असा काही मागं वळला की मी खालीच बसलो. डॉक्टरांनी फोटो काढून फ्रॅक्चर नाही म्हणून सांगितलं, पण दोन आठवडे काउंटरवर सही डाव्या हातानं करायची पाळी आली आणि सही जुळत नाही म्हणून साहेबांनी ओरडून घेतलं ते वेगळंच. तेव्हापासून अंगठ्याला टेप लावल्याशिवाय उतरत नाही.

सर्व्हिस मला सोपी गेली. खालून मारायची, कोर्ट १८ बाय ९ मीटरचं म्हणजे आपल्या रेषेपासून नेट ९ मीटर लांब, नेट पुरुषांसाठी २.४३ मीटर उंच, थोडा वर मारला की जातोच. नेटला लागून पलीकडं पडला तरी आता चालतो. ह्यात सांगण्यासारखं फार काही नाही.

खरी फजिती झाली रोटेशनची. मैदानात सहा जण, मागं उजवीकडचा एक नंबर, त्याच्या पुढं नेटजवळ दोन, मग तीन, चार, मागं डाव्या कोपऱ्यात पाच आणि मधे सहा. समोरच्यांची सर्व्हिस असताना आपण पॉईंट घेतला की सगळ्यांनी घड्याळाच्या काट्यासारखं एक घर सरकायचं, आणि दोनवाला मागं एकवर येऊन सर्व्हिस करणार. कागदावर ठीक आहे हो, पण मैदानात धाप लागलेली असताना मी कुठं होतो हेच आठवत नाही. मी प्रत्येक वेळी शेजारच्याला विचारायचो, "मी पुढं का मागं?" आणि तो पण माझ्याकडंच बघायचा.

तर झालं असं की एका रविवारी शेजारच्या कॉलनीबरोबर मॅच. सर पंच. बॉल नेटवर असा काही अलगद वर आला, आणि मी धावत येऊन उडी मारली आणि आयुष्यातला पहिला स्मॅश बसला, समोरच्यांच्या मधोमध, कुणी हललं पण नाही. मी दोन्ही हात वर केले आणि सरांची शिट्टी. पॉईंट त्यांना. कारण मी तेव्हा पाच नंबरवर होतो, म्हणजे मागचा खेळाडू, आणि मागच्यानं नेटपासून तीन मीटरच्या रेषेच्या आत येऊन नेटच्या वरचा बॉल मारायचा नसतो. रेषेच्या मागनं उडी मारली असती तर चाललं असतं. मी वाद घातला, सरांनी नुसतं पायाखालच्या चुन्याकडं बोट दाखवलं. पोरं अजून त्याला 'काकांचा स्मॅश' म्हणतात.

सर पॉईंटवरनं मात्र अजून कुरकुरतात. त्यांच्या काळी आपली सर्व्हिस असेल तरच पॉईंट मिळायचा आणि सेट १५ चा, १९९९ पासून प्रत्येक रॅलीला, म्हणजे सर्व्हिस कुणाचीही असो, पॉईंट आणि सेट २५ चा झाला. ते म्हणतात आता चूक करायला सवड नाही. माझ्यासारख्याला पटतं, कारण आमचे निम्मे पॉईंट मीच घालवतो.

गेल्या महिन्यात त्याच कॉलनीबरोबर परत मॅच होती. २३-२४, त्यांची सर्व्हिस, आणि बॉल सरळ माझ्यावर, त्यांना पण माहीत आहे कुणावर टाकायचा ते. मी गुडघे वाकवले, हात ताठ ठेवले आणि खरं सांगतो हलवले नाहीत. बॉल उठला तो बरोबर बूस्टरच्या डोक्यावर, त्याला एक पाऊल पण टाकावं लागलं नाही. त्यानं चारला लिफ्ट दिली आणि आमच्या सगळ्यात भारी पोरानं उडी मारून बॉल नेटमध्ये घातला.

मॅच गेली. सर पाण्याची बाटली घेऊन माझ्याकडं आले आणि म्हणाले, "पास बघितला मी." आणि नेट सोडायला गेले.