तीन महिन्यांपूर्वीचे केस

रविवारी न्हाणं झालं की मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका अडकतो. घरातलं कुणीही त्याच्याकडे शांतपणे पाहत नाही. बायका तो बोटाला गुंडाळून वेढे मोजतात. पुरुष ओल्या डोक्यानेच आरशापुढे जाऊन कपाळाचे कोपरे चाचपतात. मग आरोपी शोधला जातो. नाशकात नेहमीचे आरोपी तीन: बोअरचं पाणी, हेल्मेट आणि मागच्या आठवड्यात बदललेला शाम्पू. तिघेही बहुतेक वेळा निर्दोष असतात.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यातले रोज 50 ते 100 गळणं हा नित्यक्रम आहे. आठवड्यातून दोनदाच न्हाणाऱ्या बाईच्या जाळीवर तीन-चार दिवसांचे सुटलेले केस एकदम उतरतात. केस लांब असले की तोच पुंजका दुप्पट दिसतो. त्यातला एखादा उचलून टोकाला पांढरा ठिपका दिसला, की ‘अगं बाई, मुळासकट आला!’ तो ठिपका म्हणजे मूळ नव्हे. मुदत संपलेल्या केसाची ती गाठ. खरं मूळ टाळूच्या आत जागेवरच असतं. ज्या केसाला ठिपकाच नाही तो गळलेला नसून तुटलेला. तिथे चौकशी टाळूची नाही, स्ट्रेटनिंगच्या मशीनची आणि ओल्या केसांतून ओढलेल्या फणीची करायची.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्याला यापुढचं गणित पटकन कळेल. ऑक्टोबरातल्या गोड छाटणीनंतर वेलीला घड किती लागणार, हे एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांत घड धरतात तेव्हाच बरंचसं ठरून गेलेलं असतं. केसांचाही असाच मागचा हिशेब असतो. एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत आवराआवर करतो, तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. एरवी शंभरातले 85 ते 90 केस वाढीत असतात. पण जोराचा ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा उपाशी राहून केलेलं डाएट असा धक्का बसला की वाढीतले पुष्कळ केस एकदम बसून घेतात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम उठून जातात.

म्हणून भाद्रपदात डेंग्यू झालेल्याचे केस मार्गशीर्षात गळतात. तोवर ताप विसरलेला असतो, बाहेर नाशिकची थंडी पडलेली असते आणि सगळं खापर कढत पाण्यावर फुटतं. बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात असं घरातल्या आज्या म्हणतात. बाळ हसतं दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात; आज्यांचं निरीक्षण पक्कं, फक्त बाळ बिचारं निष्पाप. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपसूक थांबते. कपाळाच्या कडेला बोटभर आखूड, उभे केस दिसू लागले की समजावं, नवं पीक आलं. या काळात पाच तेलं बदलणाऱ्याला पाचवं तेल लागू पडतं, आणि पुढे गावभर त्याच तेलाची महती सांगितली जाते.

सहा महिने उलटूनही गळती चालूच असेल तर रक्त तपासावं: हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, आणि विशेषतः बायकांनी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही हा साठा रिकामा असू शकतो. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगून तपासणीच्या दोन-तीन दिवस आधी बंद कराव्यात, त्यांनी थायरॉइडचे आकडे चुकतात. जेवणावर लगेच चहा घेतला की लोह कमी शोषलं जातं. लिंबू पिळलं की जास्त. मिसळीतली मटकी या कामी उपयोगाची, तर्री नाही.

टक्कल हे प्रकरण वेगळं. तिथे केस धबधब्यासारखे गळत नाहीत, बारीक होत जातात. आनुवंशिकतेने काही मुळं डीएचटी या संप्रेरकाला हळवी असतात; दर फेरीला केस आधीपेक्षा पातळ आणि आखूड उगवतो, शेवटी नुसती लव उरते. पुरुषांत कपाळाचे कोपरे आणि शेंडीची जागा मोकळी होते. बायकांत कपाळाची कड शाबूत राहते आणि भांग रुंदावत जातो. विशी-पंचविशीत हे सुरू होतं, पहिली बाइकही त्याच वयात येते, म्हणून हेल्मेट बदनाम. नाशकात 2021 साली ‘हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही’ अशी मोहीम झाली, तेव्हा न घालण्याच्या कारणांत केसही होतेच. घामाने कोंडा वाढू शकतो. आत सुती रुमाल बांधावा आणि तो रोज धुवावा, इतकंच.

या टकलावर पारखलेलं औषध मिनॉक्सिडिल, आणि ते पुष्कळदा फसतं लावण्याच्या पद्धतीमुळे. पुरुषांना 5 टक्क्यांचं, सकाळ-रात्र एकेक मिलिलिटर. बायकांना सहसा 2 टक्क्यांचं दोनदा किंवा 5 टक्क्यांचा फेस एकदा. टाळू कोरडी हवी. चार-पाच भांग पाडून औषध कातडीवर टाकायचं. केसांवर सांडलेलं वाया जातं. चार तास डोकं धुवायचं नाही, हात मात्र लगेच धुवायचे. रात्री झोपायच्या दोन तास आधी लावावं, नाहीतर उशीमार्फत गालावर लव येते. घरात मांजर असेल तर जास्तच जपायचं, तिला हे औषध विषासारखं आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी लावू नये.

पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत गळती उलट वाढते. पुष्कळ लोक इथेच बाटली फेकतात. खरं तर बसून राहिलेले केस नव्यांना जागा करून देत असतात. फरक चार ते सहा महिन्यांनी दिसतो, तोही आरशात नाही. महिन्याला एकदा त्याच खिडकीपाशी, कोरड्या केसांचा, तोच भांग पाडून फोटो काढला तर. औषध सोडलं की तीन-चार महिन्यांत कमाई परत जाते.

पुरुषांसाठी दुसरं औषध फिनास्टेराइड, रोज 1 मिलिग्रॅम, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. काहींना कामेच्छा कमी होते, कुणाला उदास वाटतं. लाजून गप्प बसू नये. प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीचा आकडा ते जवळपास निम्मा दाखवतं, तेव्हा तपासणाऱ्याला सांगावं. गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हातही लावू नये.

चाई पडली, म्हणजे रुपयाएवढा गुळगुळीत गोल तयार झाला, की लासलगावच्या जिल्ह्यात पहिला उपाय अर्थातच कांदा. लहान चाई पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरते, श्रेय कांद्याला जातं, आणि चोळून कातडी भाजली तर दोषही त्यालाच. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटलेली असते. त्वचारोगतज्ज्ञ त्या जागी स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं देतात. लहान मुलाच्या डोक्यावर खपल्या आणि तुटके केस असतील तर मात्र ती चाई नव्हे, बुरशी असू शकते. तिथे नुसतं मलम पुरत नाही, पोटातून औषध लागतं.

आणि गोदाकाठचं रामकुंड. तिथे न्हाव्यासमोर बसलेल्या लहानग्याचं जावळ काढताना कुणीतरी म्हणतंच, ‘आता बघा कसे दाट येतात.’ वस्तरा कातडीच्या वरच फिरतो, मुळाला त्याची खबरही नसते. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला राठ लागतं, आणि बाळाची मऊ लव वयाबरोबर तशीही जाड होणारच असते. शेजारीच कुणी दहाव्याचं क्षौर करून उठलेला असतो. महिन्याभराने त्याच्या डोक्यावर सेंटिमीटरभर केस येतील, आणि शेंडीपाशी जिथे आधी विरळ होते तिथे विरळच.